सैंधव आणि तीन लाल दिवे

साहित्यशास्त्राच्या तासाला शब्दशक्तींचा विषय निघाला की ‘सैंधव’ हे उदाहरण ठरलेलेच. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधुदेशचा घोडा. जेवायला बसलेल्या धन्याने ‘सैंधव आण’ म्हटले तर सेवकाने मीठ आणावे. प्रवासाला निघालेल्याने म्हटले तर घोडा आणावा. आम्ही हे उदाहरण वर्षानुवर्षे शिकवत आलो आणि दर दोन-चार वर्षांनी एखादा चौकस विद्यार्थी विचारतोच, की धनी जेवता जेवताच प्रवासाला निघाला असेल तर सेवकाने काय करावे? वर्ग हसतो, आम्हीही हसतो आणि तास पुढे सरकतो. हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही, याची जाणीव आम्हांला झाली ती मात्र ‘काव्यप्रकाशा’मुळे नव्हे. ती झाली एका जुन्या अमेरिकन मोटारीच्या मागच्या दिव्यांमुळे.

आमचे एक स्नेही तरुणपणी नोकरीसाठी अमेरिकेत गेले आणि तिकडचेच झाले. पेशाने इंजिनियर, वृत्तीने रसिक. निवृत्तीनंतर त्यांनी १९६८ सालची मर्क्युरी कूगर ही मोटार विकत घेतली. फोर्ड कंपनीच्या मस्टँग या लोकप्रिय गाडीचा सांगाडा घेऊन तिला थोडे अधिक खानदानी रूप देऊन मर्क्युरी या भावंड-नाममुद्रेखाली १९६७च्या हंगामासाठी ही गाडी बाजारात आणली गेली होती. पुढचे दिवे झाकणाआड लपलेले, मागे उभ्या पट्ट्यांची लांबलचक लाल काच. त्या काचेआड दोन्ही बाजूंना तीन तीन बल्ब. वळणाचा दांडा हलवला की त्या बाजूचा आतला बल्ब प्रथम लागतो, त्याच्या जोडीला मधला, मग बाहेरचा. क्षणभर तिन्ही उजळलेले राहतात, मग काळोख, आणि पुन्हा आतून आरंभ. गाडी जिकडे वळणार तिकडे प्रकाश भरत जातो. आपल्याकडे गणपतीच्या मांडवावर पळत्या दिव्यांच्या माळा असतात, त्यांचीच ही संयमी बहीण म्हणावी.

स्नेह्यांच्या गाडीत मात्र हे काहीच होत नव्हते. डिकीतील मूळ यंत्र केव्हाच बंद पडले होते आणि आधीच्या मालकाने वैतागून तारा कापून तिन्ही बल्ब एकत्र बांधून सामान्य उघडझाप करणाऱ्या तारेला जोडून टाकले होते. स्नेह्यांनी आम्हांला दूरध्वनीवर विचारले, “जुनं यंत्र खटपट करून चालू करावं, की नवं इलेक्ट्रॉनिक सर्किट घरी बनवावं? तुम्ही पाठभेदवाले लोक. तुम्हीच सांगा.” प्रश्न थट्टेचा होता. आम्ही तो गंभीरपणे घेतला, हा आमचा स्वभावदोष.

आरंभ थोडा मागून करू. रस्त्यावर ‘मी वळतो आहे’ हे सांगण्याची पहिली भाषा हाताची होती. खिडकीतून हात बाहेर काढला की काम झाले. बंद टपाच्या गाड्या आल्या, पावसाळी थंड प्रदेशांत काचा वर राहू लागल्या, तेव्हा हाताला पर्याय शोधणे आले. अमेरिकेतील मूकपटांची प्रसिद्ध नटी फ्लोरेन्स लॉरेन्स हिने १९१४च्या सुमारास गाडीच्या मागे बटण दाबताच वर-खाली होणारा एक यांत्रिक हात बनवला होता. तिने त्याचे स्वामित्वहक्क काही घेतले नाहीत. युरोपात दाराजवळच्या खांबातून बाहेर येणारा पिवळसर उजेडाचा छोटा दांडा रूढ झाला. मॉरिस मायनर ज्यांनी पाहिली असेल त्यांना तो आठवेल. त्या गाडीवर तो १९६१ सालापर्यंत होता. हा दांडा म्हणजे हाताचीच प्रतिकृती. तो दिशा दाखवत असे, अगदी बोट दाखवावे तसा.

अमेरिकेत ब्युइक कंपनीने १९३९ साली कारखान्यातूनच उघडझाप करणारे वळणदर्शक दिवे देण्यास सुरुवात केली आणि पुढे हीच रीत जगभर रुळली. या बदलात एक गोष्ट हातची गेली, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. लुकलुकणारा दिवा बोट दाखवत नाही. तो केवळ आपल्या जागी असतो. उजवीकडचा लुकलुकला म्हणून उजवीकडे, असे आपण ठरवून घेतलेले असते. हाताच्या खुणेत आणि तिच्या अर्थात जे दिसण्यातले साम्य होते ते गेले, संकेत तेवढा उरला. तीन दिवे ओळीने लावण्याची युक्ती ही त्या हरवलेल्या बोटाची आठवण होती, असे आम्हांला वाटते. तिच्या निर्मात्यांच्या मनात हे असेलच असे नाही. साठीच्या दशकातील अमेरिकन मोटार ही शेपटीचे पंख आणि चकचकीत पट्ट्यांची हौस नुकतीच संपवून नव्या हौसेच्या शोधात होती, एवढे कारणही पुरेसे आहे.

ओळीने लागणाऱ्या दिव्यांतून गतीचा भास होतो, हे मात्र तेव्हा नवे नव्हते. मॅक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दोन स्थिर रेषा सुमारे ६० सहस्रांश सेकंदाच्या अंतराने आळीपाळीने दाखवल्या तर पाहणाऱ्याला एकच रेषा सरकताना दिसते, हे दाखवून दिले होते. जे हलत नाही ते हललेले दिसते, आणि ते दिसणे खोटेही म्हणता येत नाही. या निरीक्षणातून समष्टिवादी मानसशास्त्राची एक शाखाच उभी राहिली. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधील इमारतीभोवती १९२८ साली बसवलेल्या १४,८०० बल्बांच्या पट्ट्यावरून बातम्यांची अक्षरे धावू लागली, तेव्हा त्यामागे साखळीवर सरकणारी अक्षरांची चौकट आणि तिने जोडले जाणारे विद्युत्‌संपर्क होते. अक्षर पळत नव्हते. दिवे आपल्या जागी लागत-विझत होते. कूगरच्या डिकीतील पेटी ही याच घराण्यातली.

हे दिवे प्रथम आले फोर्डच्या थंडरबर्ड गाडीवर, १९६५ सालच्या नमुन्यात. खरे तर ते एक वर्ष आधीच यायचे होते. काही राज्यांचे वाहनदिव्यांविषयीचे नियम आड आले आणि कंपनीला थांबावे लागले. यंत्र असे होते: एक छोटी विद्युत्‌मोटर, तिचा वेग कमी करणारी दातेरी चाके, आणि त्यांच्या आसावर सावकाश फिरणाऱ्या तीन उंचवट्याच्या चकत्या. प्रत्येक चकतीचा उंचवटा फिरत फिरत एका बटणाला दाबतो आणि एक बल्ब लागतो. उंचवट्यांची लांबी कमी-जास्त असल्यामुळे पहिला बल्ब सर्वांत लवकर लागतो, तिसरा सर्वांत उशिरा, आणि विझतात मात्र सारे एकदम. संगीतपेटीच्या नळकांड्यावर खिळ्यांच्या रूपात गाणे लिहिलेले असते. येथे चकतीच्या आकारात एक वाक्य लिहिलेले होते आणि मोटर ते पुन्हापुन्हा वाचत होती.

अशी यंत्रे फार दिवस टिकत नाहीत. वंगण घट्ट होते, संपर्काचे ठिपके जळून काळे पडतात, मोटर अडकते. कूगरमध्ये १९६७ आणि १९६८ या दोन वर्षी ही मोटरची पेटी होती. १९६९पासून हलणारा भाग नसलेली ट्रान्झिस्टरची पेटी आली. याच काळात शेल्बीच्या १९६८च्या मस्टँग गाड्यांनी १९६५च्या थंडरबर्डचेच मागचे दिवे उचलून लावले. जपानमध्ये निस्सानच्या ब्लूबर्ड कूपेवरही १९६८ साली असे वाहते दिवे आले. कूगरवरून ही सोय १९७३नंतर गेली. एव्हाना १९६६च्या अमेरिकन वाहनसुरक्षा कायद्यानुसार सर्व राज्यांना मिळून एकच दिव्यांचे मानक लागू झाले होते, आणि त्या मानकाच्या भाषेत वळणाचा दिवा ‘उघडझाप’ करतो म्हणजे नेमके काय करतो, ओळीने लागणाऱ्या तीन दिव्यांना एक दिवा मानायचे की तीन, याविषयी संदिग्धता होती. एका क्रियापदाच्या अर्थनिर्णयावर एक वस्तू बाजारातून जाऊ शकते, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. असो.

बाजारातून गेली तरी ती छंदिष्टांच्या हातून गेली नाही. पुढील दशकांत अमेरिकेतील गॅरेजांतून घरगुती पेट्या बनू लागल्या. कोणी मूळ पेटीला पर्याय म्हणून बनवल्या, तर कोणी जिला हे दिवे कधीच नव्हते अशा गाडीसाठी. १९६४ ते १९६६च्या मस्टँगच्या मागच्या दिव्यावर तीन उभे भाग दिसतात. जणू ओळीने लागण्यासाठीच घडवलेले. प्रत्यक्षात त्या तिन्ही भागांमागे एकच बल्ब आहे. या फसव्या त्रयीने अनेक हौशी माणसांना सोल्डरची कांडी हातात घ्यायला लावले आहे.

घरगुती पेटीला मोठा आधार मिळाला तो दोन स्वस्त चिपांचा. सिग्नेटिक्स कंपनीसाठी हान्स कामेन्झिंड यांनी १९७१ साली आखलेली आणि १९७२ साली विक्रीस आलेली ५५५ ही कालमापक चिप ठोके देते. ४०१७ या क्रमांकाची गणक चिप ते ठोके मोजते आणि आपल्या दहा पायांवर एकामागून एक वीज देते. आमच्यासारख्या अनभिज्ञालाही हे समजले, कारण स्नेह्यांचे बोलणे ऐकून आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून या दोन चिपा, काही डायोड, तीन ट्रान्झिस्टर आणि १२ व्होल्टांचे २१ वॅटचे तीन बल्ब आणून जेवणाच्या टेबलावर हा खेळ मांडला. घरातून आलेल्या प्रतिक्रिया येथे नोंदवण्याचे कारण नाही.

पहिला धडा व्याकरणाचा निघाला. ४०१७चा एका वेळी एकच पाय जिवंत असतो. म्हणून बल्ब सरळ जोडले तर पहिला लागतो, तो विझून दुसरा लागतो, तो विझून तिसरा. प्रकाश पळतो; भरत नाही. कूगरचे वाक्य तसे नाही. तिथे आधीचे पद पुसले न जाता पुढचे पद त्याला येऊन मिळते. ते साधण्यासाठी सहा डायोड लागतात: पहिल्या ठोक्याला एका बल्बाकडे वाट, दुसऱ्याला दोघांकडे, तिसऱ्याला तिघांकडे, चौथा ठोका पडताच गणक शून्यावर. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे या वाटा एकमेकींत मिसळत नाहीत. पळणे आणि भरणे यांतला हा फरक केवळ सहा डायोडांचा. पण पळणारा दिवा जाहिरातीच्या फलकासारखा दिसतो आणि भरणारा दिवा काही सांगत असल्यासारखा.

दुसरा धडा धुराचा. बल्बची तार थंड असताना तिचा रोध तापलेल्या तारेच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढाच असतो, म्हणून लागण्याच्या क्षणी बल्ब नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढतो. आम्ही सरासरीच्या हिशेबाने घेतलेला ट्रान्झिस्टर पहिल्याच संध्याकाळी गेला. तिसरी चूक स्नेह्यांनी छायाचित्र पाहूनच दाखवून दिली. आम्ही बल्बच्या ऋण बाजूला ट्रान्झिस्टर घातला होता. मोटारीत बल्बची ऋण बाजू म्हणजे गाडीचे पत्र्याचे अंगच. तिथे मध्ये काही घालायला जागाच नसते. चावी हवी ती धन बाजूला, आणि तिच्यासाठी ट्रान्झिस्टरची जात वेगळी. टेबलावर जे चालते ते गाडीत चालतेच असे नाही.

मात्र खरी अडचण यानंतर आली, आणि ती विजेची नव्हती, अर्थाची होती.

युरोपात आणि आपल्याकडे मागच्या बाजूला वळणाचा दिवा पिवळा आणि ब्रेकचा दिवा लाल, असे दोन निराळे दिवे असतात. अमेरिकेत पिवळा चालतो, पण लालही चालतो. आणि लाल ठेवला तर ब्रेकचे आणि वळणाचे काम एकाच बल्बच्या एकाच तारेकडून करून घेता येते. जुन्या अमेरिकन गाड्यांत बहुधा हेच होते. सुकाणूच्या दांड्यातील स्विच ठरवतो की मागे जाणाऱ्या तारेत ब्रेकची स्थिर वीज सोडायची की फ्लॅशरची तुटक वीज. म्हणजे काय झाले? एकच लाल दिवा: स्थिर राहिला तर ‘मी थांबतो आहे’, तुटक राहिला तर ‘मी वळतो आहे’. आलंकारिकांनी याला श्लेष म्हटले असते. काव्यात श्लेष शोभा आणतो. रस्त्यावर तो मागच्या चालकाने एका निमिषात सोडवावा लागतो. अमेरिकेच्या वाहनसुरक्षा विभागाच्या २००९ सालच्या अभ्यासात पिवळ्या वळणदिव्याच्या गाड्यांना अशा प्रकारच्या मागून होणाऱ्या धडका सुमारे ५ टक्क्यांनी कमी बसतात असे आढळले. श्लेष महाग पडतो, तो एवढा.

फोर्डच्या मूळ रचनेत ब्रेक दाबल्यावर तिन्ही बल्ब एकदम लागत; पेटीखेरीज असलेले रिले ती व्यवस्था पाहत. स्नेह्यांच्या गाडीत ते रिलेही गेले होते आणि मागे येत होती ती एकच तार, ब्रेक आणि वळण यांचे दोन अर्थ पोटात घेऊन. त्यांनी आपली नवी पेटी त्या तारेला जोडली. वळणाला दिवे सुंदर भरू लागले. मग संध्याकाळी त्यांनी वहिनींना गाडीमागे उभे केले आणि ब्रेक दाबला. वहिनी म्हणाल्या, “तुम्ही थांबताय की एकाच वेळी दोन्हीकडे वळताय?”

पेटीचा दोष नव्हता. तारेत वीज आली की तिने एक, दोन, तीन म्हणायचे, एवढेच तिला शिकवले होते. वीज ब्रेकची की वळणाची, हे तिला पहिल्या क्षणी कळण्याचा मार्गच नव्हता. दोन्ही शब्दांचे पहिले अक्षर एकच. हिशेब करून पाहू. वळणदर्शकाची उघडझाप मिनिटाला ६० ते १२० या मर्यादेत असावी लागते. त्यात तिन्ही दिवे भरायचे तर दोन दिव्यांमध्ये सुमारे ०.१३ सेकंदाचे अंतर येते आणि तिसरा दिवा ०.२६ सेकंद उशिरा लागतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी मागची गाडी तेवढ्यात सात मीटरहून अधिक अंतर कापते. त्या सात मीटरांत तिच्या चालकाला ‘थांबतो आहे’ याऐवजी ‘वळतो आहे’ असे वाचायला मिळते. घरी बनवलेल्या वस्तूचे कौतुक येथे संपते.

आता सैंधवाकडे परत यावे. अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशाने ठरतो, याची साधने भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त मोजून ठेवली आहेत आणि मम्मटाने तीच ‘काव्यप्रकाशा’त घेतली आहेत. संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, लिंग, देश, काल इत्यादी. स्नेह्यांना आम्ही ही यादी दूरध्वनीवर सांगितली. ते म्हणाले, “साहचर्य बघू.” त्यांची युक्ती सोपी होती. एका बाजूच्या तारेचा अर्थ दुसऱ्या बाजूच्या तारेवरून लावायचा. दोन्ही तारांत एकाच क्षणी वीज आली तर तो ब्रेक. तिन्ही बल्ब एकदम लावावेत. एकाच तारेत आली तर ते वळण; ओळीने लावावेत. शब्दाचा शेजारी पाहून अर्थ ठरवण्याची ही रीत चार संध्याकाळी उत्तम चालली.

पाचव्या संध्याकाळी धनी जेवता जेवता प्रवासाला निघाला. डावीकडचे वळण चालू असताना स्नेह्यांनी ब्रेक दाबला. डावी तार आधीच तुटक होती. उजव्या तारेत तेवढी नवी वीज आली, एकटीच. पेटीने साहचर्याचा नियम लावला, उजवीकडे वळण आहे असे ठरवले आणि उजवे दिवे ऐटीत ओळीने लावले. आणि वळण्यापूर्वी ब्रेक दाबणे ही काही दुर्मीळ घटना नव्हे. बहुतेक वळणे अशीच घेतली जातात. आमच्या विद्यार्थ्याने विचारलेला अपवाद हा रस्त्यावरचा नित्याचा प्रसंग आहे.

तेव्हा प्रकरण हवे, आणि आठवणही हवी. स्नेह्यांनी ब्रेकच्या पायटापासून एक स्वतंत्र तार डिकीपर्यंत आणली. आता पेटीला संदर्भ कळू लागला. पण संदर्भ कळल्यानेही भागेना, कारण पायट दाबलेला असताना एक बाजू थांबण्याचे सांगते आणि दुसरी वळण्याचे. कोणती कोणते, हे कळण्यासाठी प्रत्येक बाजूने आपण गेल्या क्षणापर्यंत काय बोलत होतो हे लक्षात ठेवले पाहिजे. ५५५ आणि ४०१७ यांच्या जोडीला एवढी स्मृती नाही. म्हणून त्या दोघांना निवृत्त करून नखाएवढी आठ पायांची एक प्रोग्रॅम करता येणारी चिप आली. तिला दिलेला नियम मराठीत असा सांगता येईल: पायट दाबलेला असून तारेत वीज आली आणि ही बाजू गेल्या सेकंदभरात लुकलुकत असेल, तर ओळीने लाव, नसेल, तर एकदम लाव. संशय असेल तेव्हा ब्रेक समज.

या शेवटच्या वाक्यावर आमचे आणि स्नेह्यांचे बराच वेळ बोलणे झाले. आधी ब्रेक दाबून मग वळणाचा दांडा हलवला, तर पहिली उघडझाप पेटी ब्रेकच समजते. तिन्ही दिवे एकदम लागतात आणि ओळ दुसऱ्या उघडझापेपासून सुरू होते. म्हणजे पहिला अर्थ मुद्दाम चुकीचा लावायचा. साहित्यात आम्ही विद्यार्थ्यांना नेमके याच्या उलट सांगतो: संदिग्ध ओळीपाशी घाई करू नका, दोन्ही अर्थ मनात खेळू द्या. एम्प्सनपासून आजवर संदिग्धतेची थोरवी गाण्यात आमच्या पेशाची काही दशके गेली. पण ज्या वाचनाच्या चुकीची किंमत तिसऱ्या माणसाला मोजावी लागते, तिथे सर्वांत कमी धोक्याचा अर्थ आधी धरावा लागतो आणि सुंदर अर्थाने पाव-अर्धा सेकंद दाराबाहेर थांबावे लागते. न्यायशास्त्राचे अर्थनिर्णयाचे नियम काव्यशास्त्राच्या नियमांहून निराळे का, हे आम्हांला पुस्तकांतून जेवढे कळले होते त्याहून या पेटीपाशी अधिक कळले.

राहिला त्यांचा मूळ प्रश्न: जुने यंत्र की नवे? भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादन करताना विष्णु सीताराम सुकथनकर यांनी संपादकाने आपल्या पदरचे सुधारून घालू नये, हस्तलिखितांच्या साक्षीवरच उभे राहावे, हा दंडक कसोशीने पाळला होता. त्या दंडकाने पाहिले तर नवी पेटी हा उघड प्रक्षेप ठरतो. जुन्या गाड्यांच्या छंदातही असे कठोर संपादक आहेत. बोल्टवरचा शिक्का चुकला तरी त्यांना चालत नाही. दुसरा पक्ष म्हणतो की संहिता म्हणजे मागून दिसणारा प्रकाश. डिकीतील यंत्र हे केवळ लेखनिकाचे बोरू. आम्ही दुसऱ्या पक्षाकडे झुकलो, पण पूर्ण समाधानाने नाही. मोटरचा वेग तिला मिळणाऱ्या व्होल्टांवर ठरतो. इंजिन मंद चालत असता जुन्या पेटीची चाल किंचित रेंगाळत असली पाहिजे आणि वेगात आल्यावर चटपटीत होत असली पाहिजे. चिपचा ठोका असा हलत नाही. शिवाय तापत्या तारेच्या बल्बला पूर्ण उजळायला सुमारे पाचवा हिस्सा सेकंद लागतो, म्हणून मूळ दिवे एकमेकांत विरघळत लागत. आज पुष्कळजण बल्बच्या जागी एलईडी बसवतात. ते तत्क्षणी लागतात, ब्रेकसाठी हे चांगलेच. पण ओळीला खटखटीत कडा येतात. त्यावर उपाय म्हणून काही कारागीर एलईडीला मुद्दाम हळूहळू उजळायला लावतात. नव्या दिव्याला जुन्या दिव्याचा आळस शिकवतात. (एलईडी इतकी कमी वीज घेतात की बल्बने ओढलेल्या विजेने तापून चालणारा जुना फ्लॅशर मुळी लुकलुकतच नाही, ही आणखी एक गंमत.) स्नेह्यांनी बल्बच ठेवले. ब्रेक दिव्याच्या हिशेबात तो पाचवा हिस्सा सेकंद आपल्याला कमी पडतो हे माहीत असूनही ठेवले. त्यावर आम्ही काही बोललो नाही.

दरम्यान कारखानेही या दिव्यांकडे परतले आहेत. फोर्डने २०१०च्या मस्टँगवर मागचे तीन दिवे पुन्हा ओळीने लावले. २०१२-१३च्या सुमारास ऑडीने एलईडीची वाहती पट्टी आणली. जपानने २०१४ साली नियमात जागा केली. आता आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांतही ती दिसते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या वाहनदिव्यांच्या नियमांत या वाहत्या दिव्याचे चक्क व्याकरण दिले आहे: प्रकाश आतून बाहेरच सरकला पाहिजे, एकदा लागलेला भाग त्या उघडझापेच्या अखेरपर्यंत विझता कामा नये, आणि सारी पट्टी २०० सहस्रांश सेकंदांत भरली पाहिजे. आमच्या सहा डायोडांचा धडा कायद्याच्या भाषेत लिहिलेला पाहून आम्हांला बालिश आनंद झाला. कूगरची जुनी चाल याहून निवांत. ती या चौकटीत बसली नसती. नव्या पट्टीशेजारी ब्रेकचा दिवा बहुधा निराळा असतो, त्यामुळे तिला सैंधवाचा प्रश्नच पडत नाही.

स्नेह्यांनी जुनी पेटी टाकली नाही. रॉकेलने धुऊन, संपर्क घासून, नवे वंगण घालून ती फळीवर ठेवली आहे. बॅटरीच्या दोन तारा लावल्या की मोटर घुरघुरते आणि चकत्या फिरतात. नवे सर्किट मात्र त्यांनी साध्या प्लॅस्टिकच्या डबीत घातले, जुन्या पत्र्याच्या पेटीत लपवले नाही. प्रक्षेप असेल तर तो प्रक्षेप म्हणून दिसावा, असे त्यांचे म्हणणे. गेल्या हिवाळ्यात त्यांनी गाडीचे चलच्चित्र पाठवले. बर्फाच्या कडेला गाडी हळू होते, मग दांडा हलतो, डावीकडचे तिन्ही दिवे एकदम लागून विझतात आणि दुसऱ्या खेपेपासून आतून बाहेर भरू लागतात. चित्रण वहिनींनी केले होते. शेवटी त्यांचा आवाज ऐकू येतो: “पहिलं अजून चुकतंय.” आणि गाडीतून उत्तर येते, “चुकू दे.”